आठ वाजताचा हॅमर

आमच्या पट्ट्यात सुट्टी गुरुवारी असते, हे पुण्याच्या माणसाला अजूनही समजावून सांगावं लागतं. रविवारी पुणं जेवून आडवं व्हायचं तेव्हा पिंपरी-चिंचवडचे भोंगे वाजत असायचे, आणि गुरुवारी आम्ही घरी दिसलो की पाहुणे विचारायचे, "काय गं, बरं नाही का?" सगळ्यांना एकदम वीज पुरत नव्हती म्हणून सुट्टीचे वार वाटून दिलेले होते, आमच्या वाट्याला गुरुवार आला. मी सांगणार आहे त्या भानगडीचं मूळ याच गुरुवारात होतं. ते आमच्या लक्षात यायला इतका उशीर झाला की आठवलं तरी हसू येतं.

संपादकांचं म्हणणं, कॉम्प्युटर नवे होते त्या काळाबद्दल लिहा. मी उभी नोकरी मशीन-रूममध्ये काढली, तेव्हा लिहायला माझी ना नाही. पण कधी लागले, कधी बढती मिळाली, कधी निवृत्त झाले, हे सगळ्यांचं इथूनतिथून सारखंच असतं. मला आठवते ती सकाळी आठच्या सुमाराला स्विचवर हात ठेवून बसलेली मी, आणि आठवतात दादा. दादा म्हणजे माझे वडील.

या भागात नुसती माळरानं होती आणि कारखान्यांच्या भिंती नुकत्या उठत होत्या, तेव्हा दादा नगरकडून इकडे आले. आधी एका कारखान्याच्या पायाचे खड्डे खणले आणि मग त्याच कारखान्यात फोर्ज शॉपमध्ये चिकटले. फोर्ज म्हणजे भट्टीत लालभडक केलेलं लोखंड दोन साच्यांमध्ये धरून वरून हॅमर हाणायचा आणि ट्रक-ट्रॅक्टरचे भाग घडवायचे. साच्यांना डाय म्हणतात. हॅमर म्हटल्यावर हातातला हातोडा डोळ्यांसमोर आणू नका. दोन मजले उंच यंत्र ते. त्याचा घाव पडला की जमीन हादरायची. आम्ही नदीपलीकडे पिंपळे गुरवला राहायचो, वारा तिकडून असला तर तिथवर ऐकू यायचा. हॅमरमन पायाखालचा पट्टा दाबून घाव सोडतो, पाय वर घेतला की हॅमर थांबतो. किती जोरात, किती वेळा, हे सगळं त्याच्या पायात असतं. दादांच्या पायात ते होतं, पण त्यापायी कान गेले. घरी आम्ही त्यांच्याशी ओरडून बोलायचो. ते स्वतः फारसं बोलतच नसत.

मॅट्रिक झाल्यावर मी पुण्यात पंच ऑपरेटरचा, म्हणजे कार्डांना भोकं पाडून कॉम्प्युटरला आकडे पुरवण्याचा, कोर्स केला आणि त्याच कारखान्याच्या कॉम्प्युटर सेक्शनमध्ये शिकाऊ ऑपरेटर म्हणून लागले. सत्तरचं दशक संपत आलं होतं. कॉम्प्युटर आला की माणसं घरी बसणार, अशी धास्ती सगळीकडे होती. आमच्या गेटसमोरच्या भिंतीवर युनियननं मोठ्या अक्षरांत 'कॉम्प्युटर हटाव' रंगवलं होतं. दादा युनियनच्या कमिटीवर होते. पोरगी काय करते असं कोणी विचारलं की ते सांगत, "टायपिंग करती." ते खोटं होतं असंही म्हणता येणार नाही. बटणं तर होतीच.

आमची मशीन-रूम फोर्जच्या मागच्या जुन्या स्टोअरमध्ये होती. जाड दगडी भिंती, गारवा टिकतो, म्हणून साहेब लोकांनी ती जागा पसंत केली होती. धूळ चालत नसे म्हणून चपला बाहेर. त्यामुळे पुष्कळांचा देऊळच आहे असा समज व्हायचा. स्टोअर्सचे एक वयस्कर कारकून दारात हात जोडल्याशिवाय आत येत नसत. आम्ही तिघंच होतो. सेक्शनचे प्रमुख सबनीस सर, पुण्याहून कंपनीच्या बसनं येणारे, सडपातळ आणि कायम पित्तानं त्रासलेले. किसनराव शिपाई, पुनावळ्याहून सायकल मारत येणारे. आणि मी.

आता कॉम्प्युटर उठणं म्हणजे काय ते सांगते. हल्ली लोक बूट होणं म्हणतात, आम्ही उठणं म्हणायचो. "उठलं का?" हा आमचा सकाळचा रामराम होता. रात्री मशीन बंद केलं की त्याच्या डोक्यातलं सगळं पुसलं जाई. काय करायचं, कसं करायचं, ते सगळं डिस्कवर लिहिलेलं. पण डिस्क वाचायची कशी हेही डिस्कवरच लिहिलेलं. चष्मा शोधायला चष्मा लागावा तशी गत. म्हणून मशीनच्या पोटात एक अगदी छोटीशी सूचना कायमची कोरून ठेवलेली असे. मी सकाळी स्विच दाबायचा, ती सूचना डिस्कवरचा मजकूर वाचून आत आणायला लागायची, पुढ्यातले लाल दिवे भराभर लुकलुकायचे आणि अखेरीस टाइपरायटरसारखं यंत्र खडखडून एक ओळ उमटवायचं. ती ओळ आली की दिवस आपला.

जुनी सिस्टिम होती तोवर मशीन गुमान उठायचं. पण तिच्यावर एका वेळी एकच काम व्हायचं. स्टोअर्स आणि अकाउंट्स दोघांनाही एकाच वेळी आपापल्या टेबलावर पडदा, म्हणजे टर्मिनल, ठेवून काम करता यावं म्हणून नवी सिस्टिम घ्यायचं ठरलं, आणि वाढीव कामासाठी कायम ऑपरेटरची एक जागा मंजूर झाली. ती जागा माझी. नवी सिस्टिम चालली तर मी कायम. नाही तर शिकाऊपण संपल्यावर घरी. आमच्या घराण्यात खुर्चीवर बसून काम करणारी मी पहिलीच होते. आई शेजारणींना सांगून मोकळी झाली होती.

मशीन पुरवणाऱ्या कंपनीचे इंजिनिअर मेनन मुंबईहून आले. रोजचं काम अडू नये म्हणून गुरुवारी आले. कारखाना बंद, बाहेरची वीज बंद, आमच्यापुरता जनरेटर लावलेला. त्यांनी टेपवरून नवी सिस्टिम डिस्कवर चढवली. डिस्क म्हणजे तेव्हा ताटाएवढ्या चकत्यांची चवड असायची, वर पारदर्शक झाकण. मशीन उठवलं, बंद केलं, पुन्हा उठवलं. दर वेळी सुरळीत. सबनीस सरांनी पित्त विसरून पेढे मागवले.

शुक्रवारी सकाळी मी स्विच दाबला. दिवे लुकलुकले आणि मध्येच थिजले. पुन्हा दाबला, पुन्हा तेच. सर आले, त्यांनी दाबला. किसनराव लांबून म्हणाले, "मी दाबू का? माझा हात लागतोय." त्यांचाही हात लागला नाही. नऊ वाजून गेल्यावर कधीतरी ते आपोआप उठलं आणि एकदा उठल्यावर दिवसभर मुकाट्यानं चाललं. शनिवारी तेच, रविवारी तेच. स्टोअर्सचे लोक पडद्यासमोर हातावर हात ठेवून बसायचे आणि आमच्या नावानं खडे फोडायचे.

मेनन पुढच्या गुरुवारी आले. मशीन पहिल्या झटक्यात उठलं. "मशीन तो एकदम ठीक आहे, मॅडम," ते म्हणाले आणि माझ्या बोटांकडे बघायला लागले. शुक्रवारी पुन्हा रडगाणं. किसनरावांनी निकाल देऊन टाकला, "गुरुवारचं मशीन हाय ह्ये. दत्ताचा वार पाळतंय. नारळ फोडा, सायब." सबनीस सर हसले, पण दुसऱ्या दिवशी नारळ आला होता. आमच्या घरी बुद्धवंदना. मी नारळाला नमस्कार केला नाही, खोबरं मात्र खाल्लं.

सरांचा संशय विजेवर होता. गुरुवारी जनरेटर, एरवी बाहेरची वीज; म्हणजे दोष बाहेरच्या विजेचाच. स्टॅबिलायझर आला. उठलं नाही. मग कामाच्या दिवशीही जनरेटर लावून पाहिला. तरी नाही. पुढे आमच्या लक्षात आलं की चहाच्या सुट्टीच्या सुमाराला ते बहुतेक उठतं. झालं! मशीनला तापायला वेळ लागतो असा शोध लागला आणि किसनराव भल्या पहाटे येऊन ते चालू करून ठेवायला लागले. आठला पुन्हा ढिम्म.

जनरल मॅनेजरांनी सबनीस सरांना बोलावून सांगितलं, शनिवारपर्यंत धड झालं नाही तर जुनी सिस्टिम परत लावा आणि पडदे पाठवून द्या. सर बाहेर आले ते माझ्या नजरेला नजर देत नव्हते. त्या दिवशी मी डबा तसाच घरी परत नेला.

त्याच संध्याकाळी दादा घरी आले आणि चहा घेता घेता आईला म्हणाले, "रॉड मोडला हॅमरचा. दोन दिवस बंद ऱ्हाईल." ते ऐकून मी तशीच विसरून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला स्विच दाबला, मशीन उठलं. त्याच्या पुढच्या दिवशीही उठलं. सर म्हणाले, आता सुधारलं वाटतं. मग गुरुवारच्या सुट्टीत हॅमर दुरुस्त झाला. शुक्रवारी सकाळी मी स्विचवर बोट ठेवलं, खुर्चीखालून घाव पोहोचला, दिवे थिजले आणि मला दादांचा तो मोडलेला रॉड आठवला. इतकी वर्षं तो आवाज आमच्या कानांत होता, म्हणून कोणालाच ऐकू येत नव्हता. गुरुवारी कारखाना बंद. चहाच्या सुट्टीत हॅमर बंद. आम्ही सगळं तपासलं होतं, फक्त भिंतीपलीकडे बघितलं नव्हतं.

सरांना सांगितलं. ते म्हणाले, "अहो वाघमारे, दिवसभर हॅमर चालूच असतो, मशीनही चालू असतं. जुनी सिस्टिमसुद्धा याच हॅमरशेजारी उठायची ना?" दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. त्यांनी मुंबईला ट्रंक कॉल लावला. मेनन आधी मोठ्यानं हसले, आणि मग त्यांनीच कोडं सोडवलं. डिस्कवरून वाचणारी सुई चकतीपासून केसाहूनही कमी अंतरावर तरंगत असते; घावानं ती हलते आणि वाचताना चूक होते. उठलेलं मशीन चूक झाली की पुन्हा वाचतं, म्हणून दिवसभर काही कळत नाही. पण पोटातल्या त्या छोट्या सूचनेत पुन्हा वाचायचं शहाणपण घालायला जागाच नसते. एकदा चुकली की ती तिथंच बसते. जुनी सिस्टिम छोटी होती, दोन घावांच्या मधल्या वेळात वाचून व्हायची. नवी मोठी. तिला चार-पाच मिनिटं शांतता हवी होती.

सबनीस सर लगबगीनं फोर्जच्या फोरमनकडे गेले आणि तोंड पाडून परत आले. फोरमन म्हणाला होता, भट्टीतलं लोखंड तुमच्यासाठी थांबत नाही, जास्त तापलं की भंगार होतं. पहाटे हॅमरच्या आधी मशीन उठवून ठेवावं, तर सकाळी फोर्ज सुरू होताना लाईटला असा झटका बसायचा की स्टॅबिलायझर असूनही ते पुन्हा झोपायचं, आणि रोज जनरेटर लावायला डिझेल कोण देणार. मशीन-रूम हलवायची तर वर्ष मोडणार. आणि शनिवार तर उद्यावर आला होता.

रात्री जेवताना मी दादांना सगळं सांगितलं. ओरडून सांगावं लागत होतं, त्यामुळे रडू येत असूनही नीट रडता येईना.

"म्हंजे माझ्या हॅमरनं तुझं मशीन उठंना?" त्यांनी विचारलं.

"व्हय, दादा."

"आन् न्हाई उठलं तर?"

"तर पडदे परत जातील. माझी जागाही जाईल."

ते भाकरी मोडत राहिले. आई म्हणाली, "आवं, पाच मिन्टं थांबवला हॅमर तर काय हुतंय?"

"तुला काय म्हाईत," दादा म्हणाले. "लोखंड जळतं. आन् उद्या गेटवर कुणी इचारलं, वाघमारे, हॅमर का थांबिवला, तर काय सांगू? कॉम्पूटरसाठी? भिंतीवर जे लिवलंय त्याला मीच चुना कालवून दिलाय."

त्यांचं म्हणणं मला कळत होतं. कमिटीत त्यांच्या शब्दाला मान होता. नगरहून नुसत्या हातांनी आलेल्या माणसानं तो मिळवलेला होता. कॉम्प्युटर बंद पडतोय म्हणून त्यांचे सोबती खूश होते आणि तो चालावा म्हणून ह्यांनीच हात द्यायचा, हे मागणंच वाकडं होतं. मी ताट उचललं. दादा हात धुऊन बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

सकाळी मी मशीनपुढे बसले ती सवय म्हणून. भिंतीपलीकडे घाव पडत होते. आठ वाजले आणि हॅमर थांबला.

मी आधी स्विच दाबायचंच विसरले. मग दाबला. दिवे लुकलुकायला लागले, लुकलुकतच राहिले. सबनीस सर खुर्चीमागे येऊन उभे राहिले, श्वाससुद्धा आवाज करू नये असे. यंत्र खडखडलं, ओळ उमटली. किसनराव म्हणाले, "उठलं!" हॅमर अजून थांबलेलाच होता.

मी खिडकीशी गेले. तिथून फोर्जचं मागचं दार दिसायचं. दादा हॅमरपाशी वाकून डायची पाचर चाचपत होते; मग त्यांनी पट्ट्यावर पाय ठेवला आणि घाव पडला. डाय जागच्या जागी राहावा म्हणून बसवलेली ती जाड पाचर घावांनी ढिली होते, अधूनमधून बघावी लागते. ती रोज आठला बघायची असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. एवढंच नाही. भट्टीतला तापलेला माल आठच्या आत संपेल आणि गार माल नुकताच आत गेलेला असेल, असा त्यांनी सकाळपासून हिशेब लावला होता. एक तुकडा जळला नाही. फोरमनला बोलायला जागा राहिली नाही.

गेटवर कमिटीतल्या एकानं त्यांना विचारलंच. मी बसची वाट बघत जवळ उभी होते. "काय राव वाघमारे, आठला हॅमर थांबतोय म्हनं?" दादांना पहिल्यांदा ऐकू आलं नाही, का आलं नाही असं दाखवलं, कुणास ठाऊक. त्यानं पुन्हा विचारलं. दादा म्हणाले, "पाचर ढिली ऱ्हाऊन डाय उडाला तर मानूस जातोय. बघू नगं का?" फोर्जमध्ये एकदा तसं होता होता राहिलं होतं. तो माणूस मान हलवून निघून गेला. दादांनी माझ्याकडे बघितलंही नाही.

शनिवार निभावला, पडदे राहिले, मी कायम झाले. घरी पेढे नेले. दादांनी एक खाल्ला आणि म्हणाले, "कसले?" आईनं कानाशी ओरडून सांगितलं. "बरं झालं," एवढंच म्हणाले. हॅमरचं नाव त्यांनी काढलं नाही, आणि मीही नाही. ती गोष्ट बोलायची नव्हती, हे मला कळत होतं. बोलून दाखवली असती तर ती त्यांना सोडावी लागली असती.

पुढे रोज सकाळी आठला हॅमर थांबायचा. सबनीस सरांना शेवटपर्यंत वाटत होतं की फोरमनला त्यांच्या बोलण्यानं उपरती झाली. मी त्यांना वाटू दिलं. एक सांगते, आयुष्यात मला पुष्कळांनी पुष्कळ काही दिलं, पण त्या पाच मिनिटांइतकं कोणी काही दिलं असं मला वाटत नाही. अवघ्या कारखान्यात तेवढा वेळ भिंतीच्या दोन बाजूंना आम्ही दोघं बापलेक आपापल्या मशीनपाशी थांबलेलो असायचो. घरी कधी इतकं जवळ बसलेलो आठवत नाही.

बऱ्याच काळानं गेटजवळ नवी इमारत झाली आणि मशीन-रूम तिकडे गेली. जमीन पक्की, फोर्ज लांब. हॅमर चालू असो की बंद, मशीन उठायचं. पहिल्या सकाळी सगळे टाळ्या वाजवायला जमले होते. मी हात स्विचवर ठेवला. लांबून घाव ऐकू येत होते. आठ वाजले आणि ते थांबले.

आता गरज नाही, हे दादांना ठाऊक होतं. मीच सांगितलं होतं, कानाशी ओरडून. तरी ते थांबायचे. मीही आठ वाजून ते घाव थांबेपर्यंत स्विच दाबत नसे. संध्याकाळी एकदा न राहवून विचारलं, "दादा, अजून आठला पाचर बघता?" ते म्हणाले, "पोरांस्नी सवय झालीया आता. तंबाखू मळत्यात." मला ते पटलं. पटवून घेतलं म्हणा.

मग दादा निवृत्त झाले. हार, नारळ, शाल, युनियनच्या सेक्रेटरीचं लांबलचक भाषण, सगळं यथास्थित झालं. दुसऱ्या दिवशी मी कामावर गेले. आठ वाजले. हॅमर चालूच होता. नव्या हॅमरमनला कोणी काही सांगितलं नव्हतं, आणि सांगायचं कारणही नव्हतं. एकामागून एक घाव पडत होते. मी हात तसाच ठेवून बसले. सबनीस सर म्हणाले, "वाघमारे, उठवताय ना?" मी "हो सर" म्हटलं आणि दाबला. मशीन पहिल्या झटक्यात उठलं. कोणाच्या लक्षात काही आलं नाही.

आता दादा नाहीत. नातेवाइकांच्या घरी कॉम्प्युटर बोट लावायच्या आत उठतात, आणि मला मात्र दरवेळी वाटतं, थोडं थांबावं, अजून काहीतरी व्हायचं राहिलंय. कितीदा वाटतं की एकदा, फक्त एकदा ती सकाळ परत मिळावी.

निवृत्तीनंतरच्या त्या पहिल्या दिवशी मी घरी आले तेव्हा दादा ओट्यावर डोळे मिटून बसले होते. आई आत भाजी निवडत होती. मला म्हणाली, "आज दिसभर गप हुतं तुजं दादा. सकाळी तेवढं एकदाच बोललं. आठाला घड्याळाकडं बगितलं, पाय वर घेतला, आन् म्हनलं, 'घे पोरी, उठीव.'"